तिचा पाय हलवणारं गाणं

मंडळी, आज दुपारचं सांगतो. आपल्या मोताळ्यातलं कोणी गाण्यांचं जाणकार असेल तर मदत करा.

लकवा झाल्यापासून बायको पडूनच असते. बोलणं जवळजवळ बंद. मी शेजारी बसून फोन पाहत होतो, तर एक परदेशी बँड लागला. हल्लीचीच पोरं, पण कपाळावर जुन्या थाटाचा केसांचा फुगा. एक जण माणसाहून उंच लाकडी वाद्य थापडा मारून वाजवत होता. उतारावर बैलगाडी सुटावी तसा ठेका. माझीच मान हलायला लागली.

तेवढ्यात चादरीखाली तिचा चांगला पाय उडताना दिसला. मला वाटलं, पुन्हा झटका आला! फोन टाकून मी सुनेला ओरडून बोलावलं.

फोन खाली पडून वाजतच होता. सून सासूचा पाय पाहून हसली. "काही नाही झालं मामाजी, आत्याबाई ठेका धरून राह्यल्या!"

मी घाईनं फोन उचलला. अंगठा कुठं लागला कोण जाणे, गाणं गेलं.

कितीतरी दिवसांनी बायको बोलली, "लावा ना."

सुनेनं खूप शोधलं. याला रॉकाबिली म्हणतात म्हणे. तसली दुसरी गाणी लावली, तर बायकोनं तोंड फिरवलं. "हे नाही."

मला इंग्रजी वाचता येत नाही. वाजवणाऱ्याचा शर्ट लाल ठिपक्यांचा होता, एवढंच आठवतं. कोणाला दिसलं तर पाठवाल का?

हे लिहितोय तर ती फोनकडंच बघतेय. तिला वाटतं, मी गाणं लावतोय.