प्लेगची सुट्टी आणि नऊचा पाढा

तट्ट्याच्या भिंतींआड राहायला गेलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपणहून आत येतात! माझ्या लग्नाला दीड महिना झाला नि आमच्या मळमड्डीत उंदीर मरून पडला. प्लेगच्या भीतीनं अख्खी आळी केलगेरीच्या माळावर झोपड्यांत गेली. शाळा सहा महिने बंद. नवी सून म्हणून मी बोलायची कमी. ऐकायला मात्र बंदी नव्हती.

*

पोरांनी नवा खेळ काढला. एकानं हातपाय ताणून पडायचं, बाकीच्यांनी "उंदीर पडला!" ओरडत बोचकी उचलून दुसऱ्या झाडाखाली बिऱ्हाड न्यायचं. एका दुपारी तिथे पेन्शनर मामलेदारअप्पा घोरत होते. आरोळी ऐकली मात्र, चादर काखेत मारून पोरांच्याही पुढे पळाले!

आम्ही पोट धरून हसलो. पण बिऱ्हाड हलवताना रडायचं असतं, हे तीन वर्षांच्या पोरीलाही पाठ होतं.

*

शेजारच्या बंडूचं नाव घातलं त्याच आठवड्यात शाळा बंद झाली. आजोबांनी कौतुकानं विचारलं, "शाळा म्हणजे काय रे बंडू?"

"मोठ्ठं कुलूप!"

*

माझी नणंद शांती आठ वर्षांची, दुसरीत पहिली येणारी. तिचा पाढा आता नऊ चोक छत्तीसलाच अडायचा. मैत्रिणी गावोगाव पांगलेल्या. ती दिवसभर वेणीचं टोक चावत बसायची.

सासूबाई कानडी-मराठीत म्हणाल्या, "साकु! पुरे झालं शिकणं. तिसरीत घेतलं तर ठीक, नाही तर घरी बसायचं. सहा महिने काही अडलं का?"

शांती माझ्या कानात म्हणाली, "वैनी, मला सगळं येत होतं हो!"

*

आणि शाळा उघडली! वर्गात बोटभर धूळ. झाडणारा शिपाई अजून झोपडीतच. बाई म्हणाल्या, "ज्यांना लिहिता येईल त्या तिसरीत. पाट्या काढा."

आम्ही अजून माळावरच, शांतीची पाटी कुलुपबंद घरात. दाराशी उभ्या सासूबाई लगेच आत शिरल्या. "पाटी नाही ना? चल घरी!"

मी बाहेर. धाडस करून शांतीकडे पाहिलं आणि लिहिल्यासारखं बोट हलवलं. माळावर भाकरी होईपर्यंत मी तिला रोज चुलीच्या राखेत लिहायला बसवत होते. सासूबाईंना वाटे, पोर खेळतेय!

शांतीनं परकर खोचला, भिंतीपाशी उकिडवी बसली आणि धुळीत बोटानं लिहीत निघाली. नाव, गाव, मग नऊचा पाढा. चोक छत्तीस ओलांडलं! अक्षरं हातभर मोठी, सगळ्या वर्गभर. अक्षरांवर पाय पडू नये म्हणून सासूबाई लुगडं सावरत एकेक पाऊल मागे, मागे... नऊ दाहे नव्वदला त्या उंबऱ्याबाहेर माझ्या शेजारी!

बाई शांतपणे म्हणाल्या, "आता आत यायला वाट नाही, अक्का. चार वाजता न्यायला या."