तोफेचा दोरा

तोफेचा पल्ला किती, हे तोफवाल्यालाच ठरवू द्यायचं का?

आणीबाणीच्या आधी, कॉलेजात असताना, मी आणि माझा विणकर मित्र त्याच्या मागाच्या खोलीत दर रविवारी मातीच्या सैनिकांची लढाई मांडायचो. पल्ला सुती दोऱ्यानं मोजायचा: जुन्या तोफेला दोन विती, नळीत आतून पेचदार खाचा पाडलेल्या नव्या तोफेला चार. तीन रविवार राखलेला माझा किल्ला त्याच्या नव्या तोफेपासून चार विती दोन बोटं लांब होता. तरी दोरा तटाला टेकला.

"गेला की रे तुझा किल्ला!"

"दोरा ताणलास तू."

"चळवळीची पत्रकं वाचून वाचून तुला सगळीकडं कटच दिसतोय बघ."

मी दोरा हिसकून घेतला. त्याला ताठ करणारी खळ लावलेली नव्हती. बिनखळीचा दोरा ओढला की लांबतो, हे मागाशेजारी जन्मलेल्याला ठाऊक नसेल? "हाताला आला तो घेतला," एवढंच तो म्हणाला. मला ते आजही पटलेलं नाही.

तुम्ही असा खेळ मांडलात तर दोरा वापरू नका. लाकडी पट्टी घ्या, आणि पहिल्या डावाआधी ती दोघांनी मिळून मोजा.