पळणारी एक, सांभाळणारे अकरा

कॉलेजात तिला सगळे 'मीटर' म्हणायचे. चारशे मीटरच्या मैदानाला ती फेऱ्या मारायला लागली की प्रत्येक फेरी एकाच वेळात, फार तर एखाद्या सेकंदाचा फरक. हातात घड्याळ नाही, कानात गाणी नाहीत. एकदा सरांनी तिची परीक्षा घ्यायची म्हणून ओरडून विचारलं, "ही फेरी किती?" ती पळता पळताच म्हणाली, "सत्त्याऐंशी." सरांनी स्टॉपवॉच बघितलं. सत्त्याऐंशीच. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

चार वर्षं कॉलेजनं तिला डोक्यावर घेतलं. बूट दिले, दूध-अंडी दिली, प्राचार्यांच्या खोलीबाहेर तिचा पळतानाचा फोटो लावला. शेवटचा पेपर सोमवारी झाला. मंगळवारी पहाटे ती नेहमीसारखी मैदानावर गेली, तर रोज 'या ताई' म्हणणारा वॉचमन फाटकात आडवा उभा.

"ओळखपत्र?"

"अहो, मी! आत माझा फोटो आहे भिंतीवर."

"फोटो आहे ना. त्याला कुठं कोण बाहेर काढतंय? पण तुमची मुदत संपली."

सर म्हणायचे, लांब पल्ल्याचा धावपटू सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी तयार होतो. बाविसाव्या वर्षी तो नुसता कच्चा माल असतो. पण कॉलेज बाविसाव्या वर्षी संपतं, आणि पुढची पाच वर्षं त्या कच्च्या मालानं कुठं राहायचं, काय खायचं, कुणाच्या मैदानावर पळायचं, हे कुणाच्याच कामात मोडत नाही. घरी तर ते अजिबातच मोडत नव्हतं. वडील शिलाईची यंत्रं दुरुस्त करायचे. ते काही बोलत नसत. बोलायचं खातं काकांकडे होतं. काका दर रविवारी चहाला येत आणि कप खाली ठेवण्याआधी तोच विनोद करत : "इतकी वर्षं पळतेय पोरगी. एकदाच नीट पळून गेली असती, तर निदान लग्न तरी झालं असतं!" आई पदर तोंडाला लावून हसे, आणि हसल्याबद्दल नंतर मुलीला एक अंडं जास्त देई.

मीटरनं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरली. काउंटरवर बसायचं, नाव-वय लिहून घ्यायचं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. पहाटे रस्त्यावर पळायचं. तिथं तिच्यासोबत सरावाला चार कुत्री असत आणि ती मनापासून सराव करत. दोन वर्षांत तिचा वेळ सुधारला नाही, बिघडलाही नाही. दहा हजार मीटर, छत्तीस मिनिटं वीस सेकंद.

तेवढ्यात सर निवृत्त झाले आणि त्यांना एक मालक सापडला. हा मालक गाद्या बनवायचा. एके काळी दारोदार फिरून कापूस पिंजलेला माणूस. आता त्याचा मोठा कारखाना होता आणि डॉक्टरनं त्याला रोज चालायला सांगितलं होतं. चालता चालता सरांनी त्याला गाठलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मालक म्हणाला, "बरं, किती पोरं लागतील?"

अशी व्यावसायिक टीम उभी राहिली. कॉलेज संपलेले सहा धावपटू, भाड्याचा दुमजली बंगला, एक जुनी व्हॅन, स्वयंपाकाला बाई, मालिशीला मावशी. दर महिन्याला पगार. गणवेशाच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत कारखान्याचं ब्रीद होतं : 'निवांत आडवे व्हा'. मागून धाप टाकत येणाऱ्याला तेच वाचत पळावं लागे. दोघा-तिघांनी तो सल्ला मानल्याचंही स्पर्धेत दिसलं.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. पहाटे साडेपाचला सर मैदानावर स्टॉपवॉच घेऊन उभे. सहा जण एकामागोमाग एक पळत. पुढचा दमला की दुसरा पुढे येई. एकटीनं पळताना जो वेग मरणाचा वाटे, तो इतरांच्या पाठीमागे नुसता कष्टाचा वाटायचा. दुपारी सक्तीची झोप. त्यासाठी गाद्या मात्र उत्तम होत्या. संध्याकाळी मावशी पोटऱ्या रगडायच्या आणि पाय हातात घेतल्या घेतल्या सांगायच्या, "डावा उद्या कुरकुर करणार. उद्या हळू." डावा कुरकुर करायचाच. वर्षाअखेर मीटरचा वेळ चौतीस मिनिटं चाळीस सेकंदांवर आला. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची पात्रता चौतीस मिनिटांची. चाळीस सेकंद उरले होते.

आणि मालकांचे जावई परत आले.

जावईसाहेब बाहेर राहून व्यवस्थापन शिकून आले होते. गादीच्या कारखान्यात त्यांचं व्यवस्थापन कुणी मनावर घेईना, म्हणून मालकांनी ती विद्या धावपटूंवर सोडली. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि विचारलं, "आपल्या टीममध्ये काय कमी आहे?"

एक धावपटू म्हणाला, "गरम पाणी."

जावईसाहेबांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलं : दृष्टी.

दृष्टी आणण्यासाठी माणसं यायला लागली. आहारवाल्या बाई आल्या. त्यांनी जेवणाआधी ताटाचा फोटो पाठवायचा नियम केला आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत जेवण गार होऊ लागलं. मनाचे शिक्षक आले. ते सगळ्यांना डोळे मिटून स्वतःला नदी समजायला लावत, आणि पहाटेच्या सरावानं दमलेला माणूस नदी समजता समजता घोरायला लागला की रागावत. मग घड्याळवाला आला. त्यानं प्रत्येकाच्या मनगटावर एक यंत्र बांधलं आणि पहिल्याच आठवड्यात मीटरला कळवलं की तिची झोप समाधानकारक नाही.

"मला छान झोप लागते," मीटर म्हणाली.

"तुम्हाला वाटतं तसं," घड्याळवाला समजुतीच्या सुरात म्हणाला.

त्यानंतर खरंच तिची झोप उडाली.

फोटोवाला आला, मजकूर लिहिणारा आला, समन्वयक आला, त्या समन्वयकाची सहायक आली. एवढ्या लोकांना बसायला जागा हवी, म्हणून वरच्या खोल्यांची ऑफिसं झाली आणि धावपटू खाली दोन खोल्यांत आले. पाय गार करायचं यंत्र आल्यावर मालिशवाल्या मावशींना नारळ मिळाला. ते यंत्र तीन आठवडे चाललं. पुढे त्यावर मोजे वाळत घालत. सर बदल बघून दोन-चारदा बोलले, तर त्यांना बढती देऊन 'ज्येष्ठ सल्लागार' केलं. म्हणजे त्यांचा सल्ला घ्यायचा नाही, असं ठरलं. सर स्टॉपवॉच खिशात घालून घरी गेले.

मग धावपटू गळायला लागले. एक पोलिसात भरती झाला. एक मैदानापेक्षा गादीच्या प्रदर्शनात जास्त उभा राहिला आणि उभं राहून त्याची पाठ धरली. एकीचं लग्न ठरलं. दोघं दुसऱ्या गावच्या टीमकडे गेले, जाताना म्हणाले, "मीटर, चल." ती थांबली. का थांबली, हे तिला नीट सांगता येत नाही. बहुतेक लॅबमधल्या त्या काउंटरची तिला भीती वाटत होती. असो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बंगल्यात सांभाळणारे अकरा होते आणि पळणारी एक. सोमवारच्या बैठकीत अकरा जण तिच्या प्रगतीवर दोन तास बोलत. ती त्या वेळात पळून येई, म्हणून तिच्या गैरहजेरीची नोंद होई.

राष्ट्रीय स्पर्धा जवळ आली. आदल्या दिवशी जावईसाहेबांनी तिला स्टेडियमवर नेलं. दुसऱ्या वळणाशी त्यांच्या गादीची पाटी लावली होती.

"फक्त एक करायचं," जावईसाहेब म्हणाले. "या वळणावर जरा बाहेरून, दुसऱ्या पट्ट्यातून पळायचं. म्हणजे तू आणि पाटी एका फोटोत येता. आत पळालीस की दुसऱ्यांच्या डोक्याआड जातेस."

मीटरनं मनात हिशेब केला. "एका वळणाला पावणेचार मीटर जास्त. पंचवीस फेऱ्या. म्हणजे मी दहा हजार नाही, दहा हजार नव्वद पळू?"

"नव्वदच ना!" जावईसाहेब मोकळेपणानं हसले. "दहा हजारांत नव्वद म्हणजे काय!"

फोटोवाल्यानं मान डोलावली. आहारवाल्या बाईंनी मान डोलावली. मनाचे शिक्षक म्हणाले, "नदी कधी अंतर मोजत नाही."

 मीटरनं तडक सरांना फोन लावला. "सर, उद्या याल?"

"मला कोण आत सोडणार?"

"तिकीट काढून या. पहिल्या वळणाशी बसा. आणि मावशींना आणा."

शर्यतीच्या सकाळी अकरा जण तिच्याभोवती गोळा झाले. एकानं केळं खायला लावलं, दुसऱ्यानं डोळे मिटायला लावले, फोटोवाल्यानं बुटाची नाडी तीनदा बांधायला लावली कारण पहिल्या दोन वेळा ती 'नैसर्गिक' बांधत नव्हती. घड्याळवाला म्हणाला, "ठोके जास्त आहेत. घाबरलात तुम्ही." मीटरनं मनगटावरचं यंत्र सोडलं आणि त्याच्या हातात दिलं. "आता तुमचे मोजा."

पळायला लागल्यावर मात्र सगळं सोपं झालं. पुढे पाच जणी होत्या. ती त्यांच्या मागे चिकटली, आतल्या कडेला, पांढऱ्या रेषेला घासून. दुसऱ्या वळणावर जावईसाहेब हातवारे करून तिला बाहेर बोलावत होते. ती दर फेरीला त्यांच्यासमोरून रेषेला चिकटूनच गेली. पहिल्या वळणावर गर्दीतून सरांचा आवाज यायचा, "किती?" ती श्वास वाचवायला बोटं दाखवायची : एक, किंवा दोन. म्हणजे एक्क्याऐंशी, किंवा ब्याऐंशी. सोळाव्या फेरीनंतर तिघी मागे पडल्या. बाविसाव्या फेरीला तिला वाटलं, आता पोटऱ्या फुटणार. मावशी कठड्यावर चढून ओरडल्या, "काही होत नाही गं, रगडून देते नंतर!" हा काही शास्त्रीय सल्ला नव्हता. पण शेवटच्या फेरीत ती तिसऱ्या नंबरावर होती, आणि तिसऱ्याच नंबरावर तिनं रेषा ओलांडली. तेहतीस मिनिटं सत्तावन्न सेकंद, म्हणजे पात्रतेला तीन सेकंद राखून. ती मैदानावर आडवी झाली; गणवेशाचा मान राखला गेला.

लगेच तिला उत्तेजकांच्या तपासणीला नेलं. दोन वर्षं तिनं लोकांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आता स्वतःची बाटली भरायची तर अंगात पाण्याचा थेंब उरला नव्हता. एक तास चाळीस मिनिटं ती पाणी पीत बसली. तेवढ्यात बाहेर बक्षीस समारंभ उरकला. तिच्या वतीनं टीमनं बक्षीस स्वीकारलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला : मंचावर अकरा जण, हातात ढाल, मागे गादीची पाटी, सगळे घामाघूम. खाली लिहिलं होतं, 'अथक परिश्रमांचं फळ'.

तो पेपर मालकांनी कारखान्यात चष्मा लावून नीट बघितला आणि मीटरला बोलावून घेतलं. जावईसाहेबही हजर होते.

"यात तू कुठली?" मालकांनी विचारलं.

"मी नाही यात."

"मग हे कोण?"

"टीम आहे, पपा," जावईसाहेब म्हणाले.

मालकांनी फोटोवर बोट ठेवून एकेक मोजला. मग मीटरकडे बघितलं. "खरं सांग. यांतलं कोण लागतं तुला पळायला?"

तिनं मालकांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पण एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. "मालक, सर लागतात. मालिशीच्या मावशी लागतात. गरम पाणी लागतं. आणि सगळ्यात जास्त लागतात पळणारे. पुढे कोणी पळत नसेल तर मी कुणाला गाठू? बैठकीला?"

मालक हसले नाहीत. "आणि हे अकरा?"

"त्यांना मी लागते," मीटर म्हणाली.

मालकांनी पेपराची घडी घातली.

मालक व्यवहारी माणूस. पंधरवड्यात सर स्टॉपवॉच घेऊन परत आले, मावशी आल्या, वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि तीन नवे धावपटू राहायला आले. गरम पाण्याची टाकी बसली. जावयाला मात्र काढता येत नाही. मुलगी घरी येऊन बसते. त्यामुळे मालकांनी त्यांना पोहण्याची नवी टीम काढून दिली. अकराच्या अकरा जण तिकडे गेले आहेत. काम जोरात चालू आहे, असं म्हणतात. पोहणारे अजून मिळायचे आहेत.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मीटर चौदावी आली. तिच्या दृष्टीनं पळणं चांगलं झालं होतं, वेळ आणखी चार सेकंदांनी सुधारला होता. पण पेपरात एक ओळही नव्हती आणि काकांनी रविवारी फक्त चहा घेतला. मालकांना सांगायला ती बिचकतच कारखान्यात गेली.

"चौदावी?" मालकांनी गादीच्या शिवणीवरून नजर न काढता विचारलं. "पुढून की मागून?"

"पुढून. माझ्या मागे नऊ जणी होत्या."

मालकांनी थोडा विचार केला, शिवण ओढून बघितली, पक्की निघाली.

"मग पुढच्या वर्षी बारावी ये," ते म्हणाले, आणि कामाला लागले.