न मोजलेली गुरं

गजभिये मॅडमबरोबर आफ्रिकेला जायचं असेल, तर पासपोर्टच्या आधी कोराडी रोडवरच्या रामाजीच्या गोठ्यात हजेरी द्यावी लागे. सकाळी सात वाजता. मॅडम तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या असत. डोक्याला दुपट्टा, पायात गमबूट. आलेल्या माणसाला त्या एका गाईजवळ उभं करत आणि सांगत, "एक तास. फोन मले द्या. बोलाचं नाही, हात लावाचा नाही, फक्त उभं राहाचं." मग स्वतः रामाजीशी गप्पा मारत बसत. तासाभरात कुणी दहादा मनगटावरचं घड्याळ पाही, कुणी नाकाला रुमाल लावी, कुणी गाईशी लाडंलाडं बोलू लागे. मॅडमचं लक्ष नाही असं वाटे, पण सगळं टिपलेलं असे. मिहानमधल्या कंपनीच्या एका मोठ्या साहेबांना त्यांनी वीस मिनिटांत घरी पाठवलं होतं. "साहेब, तुम्ही सिंह पाहाले जा. तो गाडीतून दिसते. काही करा लागत नाही."

मॅडम म्हणजे निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळ काढतात, मॅडमनी सहल काढली. वर्षातून एकदा, दहा-बारा नागपूरकरांना घेऊन टांझानियाला, मसाई लोकांच्या एका वस्तीजवळ तीन दिवस मुक्काम. बाकीच्या सहलींत मसाई अर्धा तास असतात. ते उंच उड्या मारून दाखवतात, आपण फोटो काढतो, गाडी पुढे जाते. मॅडमच्या सहलीत उड्या नव्हत्या. सकाळी गुरं चरायला निघताना पाहायची, दिवसभर जमेल तेवढं त्यांच्यामागे चालायचं, संध्याकाळी ती परत येताना पाहायची. तिथे पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "काहीच नाही जी. गुरंच तीन दिवस तुमाले पाहतीन."

मी त्यांना ओळखत होतो तो नोकरीपासून. आम्ही एकाच खात्यातले. त्या गुरं बरी करत, मी मोजत असे. सांख्यिकी सहायक होतो. पशुगणना आली की गावोगाव फिरायचं, गोठ्यापुढे उभं राहून बोटाने गाई, बैल, म्हशी, वासरं मोजायची आणि तक्त्यात भरायची. उभी नोकरी यात गेली. मॅडमना माझे तक्ते पाहून फार गंमत वाटे. "वानखेडे भाऊ, तुमच्या कागदावर गाय दुखणाईत पडत नाही, गाभण राहत नाही. फक्त एक जास्त होते, नाही तं एक कमी."

त्यांची एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तीही ऑफिससमोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना, सहज. त्यांचे वडील धम्मदीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. आजोबा गावात राहिले. मॅडम म्हणाल्या, "माह्या आज्याले मेलेलं ढोर ओढाले बोलवत. मले जितं ढोर उठवाले बोलावते. दोन पिढ्यांत एवढं झालं, काही कमी नाही." पण ते 'बोलावणं' आपोआप आलेलं नव्हतं. नव्या नोकरीत एका गावी विताना गाय अडली म्हणून निरोप आला. मॅडम बॅग घेऊन पोचल्या. मालकाने आडनाव विचारलं आणि गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. दुसरा डॉक्टर पाठवा, म्हणाला. दुसरा डॉक्टर तालुक्यात नव्हता. मॅडम भांडल्या नाहीत, ढकलून आत गेल्या नाहीत आणि परतही आल्या नाहीत. दाराबाहेर उभ्या राहिल्या. दुपारी घरातली म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "ये वं बाई, लाव हात." गाय वाचली. मॅडमनी पोह्यावर लिंबू पिळलं आणि विषय संपवला. मी मात्र त्या दिवशी पोहे अर्धे टाकून उठलो. त्या तालुक्याचे तक्ते मीच भरले होते. गाई सगळ्या मोजल्या होत्या आणि यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मीही एका वर्षी त्यांच्या सहलीत नाव घातलं. गोठ्याच्या परीक्षेत सहज पास झालो. गाईपुढे उभं राहणं हाच तर माझा धंदा होता. पण निघताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तुमच्यासाठी एक नियम जास्तीचा आहे. मोजाचं नाही. ते लोक आपली गुरं मोजत नाहीत, दुसऱ्याले मोजू देत नाहीत. मोजलं का त्यातलं कमी होते असं मानते." मी हसलो. म्हणालो, मॅडम, मी रिटायर झालोय.

वस्ती म्हणजे काटेरी फांद्यांचं मोठं कुंपण, आत शेणाने लिंपलेली बुटकी घरं आणि मधोमध गुरांची जागा. तिथला प्रमुख लेमायान. उंच, हाडकुळा, खांद्यावर लाल चादर. त्याने पहिल्यांदा विचारलं, "गुरं कशी आहेत?" जोसेफ नावाचा आमचा तिथला वाटाड्या इंग्रजीत सांगत होता. मॅडमनी तितक्याच गंभीरपणे रामाजीच्या गोठ्याची खबर दिली. चांदी व्याली, मोरीचा खूर बरा झाला, हरणी म्हातारी झाली पण खाते. मग मुलं, मग गवत, मग पाऊस, आणि शेवटी माणूस. वाईट बातमी असली तरी आधी 'सगळं बरं आहे' म्हणायचं आणि मग ती सांगायची, अशी तिथली रीत. मॅडमच्या आठ वर्षांच्या येण्याजाण्यात लेमायानला रामाजीच्या गाई नावानिशी पाठ झाल्या होत्या. त्या मॅडमच्याच आहेत असं तो समजत होता, आणि मॅडमनी तो समज कधी मोडला नाही.

संध्याकाळी गुरं परतली. धुळीतून एकेक जनावर कुंपणाच्या तोंडातून आत जाऊ लागलं. लेमायान तोंडाशी उभा राहून प्रत्येकीकडे पाहत होता, काहींना नावाने हाक मारत होता. मी जरा अंतरावर होतो. माझं बोट केव्हा वर झालं हे देवाशपथ मला कळलं नाही. शेवटची गाय आत गेली तेव्हा मी शेजारी उभ्या असलेल्या, सहलीतल्या तुपकर ताईंना म्हणालो, "त्रेसष्ट. वासरं सोडून." वर आवाजात अभिमान.

आकडा लेमायानला कळण्याचं कारण नव्हतं. पण बोट त्याने पाहिलं होतं. तो आत गेला आणि काट्याची मोठी फांदी ओढून त्याने कुंपणाचं तोंड बंद केलं. जोसेफचा चेहरा उतरला. तो मॅडमना म्हणाला, उद्या सकाळी निघावं लागेल, आणि पुढच्या वर्षी इथे येता येईल असं वाटत नाही.

मॅडम मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून दुपट्ट्याने पुसला आणि म्हणाल्या, "तुमची सवय आहे वानखेडे भाऊ, मले ठाऊक होती. तरी आणलं. चूक माही आहे." आठ वर्षं त्यांनी त्या कुंपणाशी जे जमवलं होतं ते मी एका बोटाने घालवलं होतं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

सकाळी सामान गाडीत चढत असताना कुंपणाच्या आतून गाईचा आवाज आला. मॅडम थबकल्या. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा म्हणाल्या, "अडली." जोसेफ विचारून आला. लेमायानची आवडती गाय, पहाटेपासून कळा देत होती, वासरू येत नव्हतं. मॅडमनी आत येऊ का विचारलं. उत्तर आलं, नाही. काल मोजलं आणि आज गाय अडली. त्याच्या जागी कोणीही हेच म्हटलं असतं, आणि मॅडमही तेच म्हणाल्या. "बरोबर आहे त्याचं."

मग त्या कुंपणाजवळ गेल्या आणि उभ्या राहिल्या. काट्याच्या बाहेर, बॅग पायाशी. मी त्यांच्या शेजारी. ऊन चढत होतं. नागपूरचा उन्हाळा काढलेल्या माणसाने तक्रार करावी असं नव्हतं, पण मॅडमचं वय सत्तरीकडे झुकलेलं. मी म्हणालो, "मॅडम, सावलीत बसा जरा." म्हणाल्या, "बसली तं मी माह्या नंबराची वाट पाहून राहिली असं दिसते. उभी राहिली तं त्याच्या सोबत आहे असं दिसते." त्या एवढं बोलल्या आणि मला एकदम त्यांच्या नव्या नोकरीतला, मालकाने दार अडवलेला तो गोठा दिसला. रामाजीकडे त्या माणसांना तासभर उभं का करत, तेही तिथे, त्या काट्यांपाशी उमगलं.

दोनेक तासांनी फांदी हलली. लेमायानची बायको होती. तिने एका हाताने काटे बाजूला केले आणि दुसऱ्या हाताने मॅडमचा दंड धरला. तशीच आत घेऊन गेली.

आत गाय आडवी झाली होती. मॅडमनी दंडापर्यंत साबण लावला, हात घातला, आणि थोड्याच वेळात बाहेर काढला. बोटं संधिवाताने आखडलेली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मी त्यांना असं हतबल कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी लेमायानच्या बायकोचा हात हातात घेऊन निरखून पाहिला. लांब, बारीक, मजबूत हात. साबण तिच्या हातावर ठेवला आणि जोसेफकडे वळल्या. वासराचा पुढचा पाय मागे दुमडलाय. आधी वासरू मागे लोटायचं. मग खूर मुठीत झाकून घ्यायचा, गाईला आतून लागू नये म्हणून, आणि हळू पुढे आणायचा. हे इंग्रजीत सुरू झालं, पण गाय कण्हली तशी मॅडम नागपुरीवर आल्या. "जोर नको लावू वं. कळ थांबू दे. आता. आता घे." त्या हवेत मूठ वळवून दाखवत होत्या आणि ती बाई तसंच आत करत होती. जोसेफचं सांगणं केव्हा बंद पडलं ते दोघींनाही कळलं नाही.

वासरू आलं. कालवड होती. मॅडमनी तिच्या नाकातला चिकटा काढला, गवताच्या काडीने नाकपुडी डिवचली, ती शिंकली. मॅडम जमिनीवर बसकण मारून हसत होत्या आणि रडतही होत्या. लेमायानची बायको आपल्या लाल झालेल्या हाताकडे पाहत होती.

लेमायान माझ्यासमोर आला. जोसेफने भीतभीत सांगितलं, "तो विचारतोय, आता किती झाली?" मी त्याच्याकडे पाहिलं, त्या कालवडीकडे पाहिलं आणि म्हणालो, "कालची विसरलो. आता कसं सांगू?" जोसेफने सांगितलं. लेमायान थोडा वेळ माझ्या बोटाकडे पाहत राहिला आणि मग मोठ्याने हसला. मॅडम जमिनीवरूनच म्हणाल्या, "उभ्या नोकरीत पहिल्यांदा बरोबर आकडा दिला, वानखेडे भाऊ."

सामान गाडीतून उतरलं. त्यानंतर मॅडम आणखी दोन वर्षं तिथे गेल्या. दरवर्षी बहुतेक लोक नवे, तोच गोठा, तोच तास. विमानतळावर इतर सहलींचे व्यवस्थापक डोकी मोजत, मॅडम एकेकाच्या तोंडाकडे पाहत आणि म्हणत, "तुपकर ताई दिसून नाही राहिल्या. चहा प्याले गेल्या असतीन, थांबा."

गेल्या थंडीत त्या धंतोलीतल्या दवाखान्यात होत्या. किडन्या थकल्या होत्या. मी भेटायला गेलो की हरणी खाते का, हे आधी विचारत. हरणी खात होती, असं रामाजी मला फोनवर सांगे आणि मी त्यांना सांगे. शेवटच्या आठवड्यात म्हणाल्या, "जोसेफले कळवजा. पण एकदम सांगजा नको. आधी गुरांचं बोलजा."

दहन झाल्यावर चौथ्या दिवशी मी फोन लावला. जोसेफ वस्तीवरच होता. त्याने फोन लेमायानजवळ धरला. म्हाताऱ्याचा आवाज आला आणि मागोमाग जोसेफचा, "गुरं कशी आहेत?"

मी म्हणालो, "बरी आहेत. चांदी पुन्हा गाभण आहे. हरणी खाते." मुलं? बरी आहेत. गवत? आहे. पाऊस? यंदा चांगला झाला. एवढं सगळं बरं आहे म्हणून झालं, आणि मग मी मॅडम गेल्याचं सांगितलं.

जोसेफने ते तिकडे सांगितलं. मागे कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या. मग लेमायानने एकच विचारलं. जोसेफ म्हणाला, "तो विचारतोय, तिच्या गाईंजवळ आता कोण उभं राहतं?"

"मी," मी म्हणालो.

ते खोटं होतं. मॅडम आजारी पडल्यापासून मी रामाजीकडे एकदाही गेलो नव्हतो, सगळी खबर फोनवर घेत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कोराडी रोडला पोचलो. मॅडमची खुर्ची भिंतीशी उलटी करून ठेवलेली होती. मला पाहून रामाजी धार काढता काढता थांबला.

"काहून जी साहेब, नवीन पार्टी येऊन राहिली काय?"

मी नाही म्हणालो. तो खुर्ची आणायला उठत होता, त्यालाही नको म्हणालो. फोन त्याच्या हातात दिला आणि हरणीजवळ जाऊन उभा राहिलो.