दोन एप्रन, तीन माणसं

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. जांघेतल्या धमनीत सुई घालून औषध सोडायचं आणि त्याच वेळी पायाचे एक्स-रे फोटो काढायचे, हे काम तेव्हा नव्यानं सुरू झालं होतं. पुरुष पेशंट असला की पाय पट्ट्यांनी बांधून आम्ही नर्स बाहेर पडायचो. बाई असली की पद्धत वेगळी. जांघ उघडी पडते, बाई लाजते, हलते. म्हणून एका नर्सनं चादर धरून शेजारी उभं राहायचं. ती नर्स बहुतेक मीच.

एक्स-रे अडवणारे शिशाचे एप्रन दोनच. एक डॉक्टरांना, दुसरा टेक्निशियनला. तो मला ताई म्हणायचा आणि मीही त्याला धाकटा भाऊच मानत होते. मला दिवस गेले तेव्हा, उभं राहिलं तर चालेल का, हे त्यालाच विचारलं.

"चालतंय की ताई. फोटोला कोण भितंय?" तो हसला.

मी विश्वास ठेवला. पोट दिसायला लागलं तरी चादर धरत राहिले.

त्याची बायको आमच्याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात नर्स. एका दुपारी डबा खाताना मी तिला म्हटलं, "उद्या माझ्याऐवजी तू उभी राहा गं. पाठ भरून आलीय."

"मला न्हाय जमायचं. ह्यांनी लग्न झाल्या झाल्याच सांगितलंय, त्या खोलीत पाय ठेवायचा न्हाय. पोरंबाळं व्हायचीत म्हणे. तुमाला न्हाय सांगितलं व्हय?"

डबा झाकला आणि थेट त्याच्याकडे गेले. त्यानं नाकारलं नाही.

"तुमी नको म्हणाला असता तर मेट्रननं हिलाच पाठवलं असतं की, ताई."

"आणि तू भिंतीआड उभा राहून बटण दाबतोस, तुला एप्रन कशाला लागतो?"



दुसऱ्या दिवशी टेबलावर मैंदर्गीची एक बाई होती. मी दारातच थांबले आणि डॉक्टरांदेखत त्याचा एप्रन मागितला. त्यानं काढून दिला. पुरुषाच्या मापाचा, खांद्यावरून ओघळत होता, काखेपाशी एवढी फट की छातीची बाजू उघडीच. पोट तेवढं झाकलं गेलं. मग चादर धरली. त्या बाईचा त्यात काही दोष नव्हता.

मुलगी धडधाकट झाली. तरी पोटात असताना एक्स-रे लागलेल्या मुलांना पुढं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, हे मी वाचलं होतं; पहिली काही वर्षं तिला साधा ताप आला की मी तिचं रक्त तपासून घ्यायची. उगाच भिता, असं डॉक्टर म्हणायचे. असेलही. रिपोर्ट स्वतः वाचल्याशिवाय मी तिथून उठायची नाही.