तिसऱ्या मजल्यावरचा आवाज

मंडळी, सकाळपासून मी तरंगतेय. आज आई चाळीचे तीन जिने उतरून खाली आली!

लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. हॉस्पिटलमधून फोन आला, "सध्या फक्त अर्जंट." पुढे सगळं सुरू झालं, तरी आईच "नंतर बघू" म्हणत राहिली. वर्षं गेली. तिचं जग म्हणजे आमची लालबागची गॅलरी, आणि भाजीसाठी दोरीने खाली सोडायची पिशवी.

दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं एकदाचं. आज कोवळ्या उन्हात ती एकेक पायरी अशी उतरली, जणू पाण्यात पाय टाकतेय. गल्लीत नुसती उभी राहिली थोडा वेळ. मग भाजीच्या गाडीपाशी जाऊन म्हणाली, "मेथीच्या दोन जुड्या दे रे."

भाजीवाला लॉकडाऊननंतर इथे आलेला. रोजचा आवाज कानावर पडला आणि सवयीने त्याने मान वर केली. आमच्या गॅलरीकडे बघत पिशवी शोधायला लागला.

"मेल्या, वर काय बघतंस? मी हय आसंय!"

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन तेव्हा राहिलं ते राहिलंच का? कोण अजून वरच थांबलंय?