खालच्या आळीची पट्टी

आमच्या गावदेवीच्या देवळात दोन घंटा आहेत. एक वरच्या आळीने दिलेली, एक खालच्या आळीने. पंखे दोन, सतरंज्या दोन, जत्रेच्या जेवणाचे टोपही दोन, आणि कुठला कुठल्या आळीचा ते प्रत्येकावर रंगाने लिहिलेलं. गावासाठी काही घ्यायचं म्हटलं की निम्मं एका आळीने आणायचं, निम्मं दुसरीने. कुणाचा मान कुणापेक्षा कमी व्हायला नको. एकच वस्तू घ्यायची वेळ आली की गाव अडून बसतं, म्हणून शक्यतो आम्ही जोडीने लागणाऱ्या वस्तूच घेतो.

खालच्या आळीची खरेदी माझे बाबा करायचे. टेम्पो चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे कुठली वस्तू कुठे चांगली मिळते ते त्यांना ठाऊक. टोप घेताना ते बोटाने वाजवून आवाज ऐकायचे, सतरंजी उलटी करून बघायचे. वस्तू आणावी तर ह्यांनीच, असं आळीतल्या बायका म्हणायच्या तेव्हा बाबा ऐकलंच नाही असं दाखवून चहा पीत राहायचे. गावात दुसरा कुठला मोठेपणा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. एवढाच होता आणि तो त्यांना पुरत होता.

देवळामागच्या खोलीत गावाने मुलांसाठी अभ्यासिका काढली, तिथे कुणीतरी दिलेला एक कॉम्प्युटर आला. मी अलिबागला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते, म्हणून तो माझ्या ताब्यात. मशीन तसं बरं होतं, पण त्यातली मेमरी फारच तुटपुंजी. मुलांनी धड्याचा व्हिडिओ लावला की त्याला धाप लागायची. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन नव्या पट्ट्या लागतील असं मी सांगताच गाव खूश झालं. दोन म्हणजे वाद नाही. मी दोन्ही आळ्यांना सांगितलं, चार जीबीची एकेक आणा. प्रकार सांगितला, माप सांगितलं, पण पट्टी किती वेगाची हवी ते सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

वरच्या आळीने ऑनलाइन मागवली. बाबांचा त्यावर विश्वास नाही. वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हा त्यांचा बाणा. ते रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले, दिवसभर मुंबईतली दुकानं हिंडले आणि संध्याकाळी शर्टाच्या खिशातून पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. हिला वाजवून कसं बघणार, म्हणाले आणि स्वतःच हसले. मी दोन्ही पट्ट्या बसवल्या. त्या आत गेल्यावर मान दिसणार कसा, असा प्रश्न निघाला, तेव्हा कॉम्प्युटरच्या डब्यावर एका अंगाला वरच्या आळीचं आणि दुसऱ्या अंगाला खालच्या आळीचं नाव चिकटवलं. कॉम्प्युटर झकास चालू लागला.

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण कॉलेजात शिकवलं की वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर जलद पट्टीही मंद पट्टीच्या चालीने चालते. मी येऊन डबा उघडला. वरच्या आळीच्या पट्टीवर बत्तीसशे लिहिलेलं, बाबांच्या पट्टीवर चोवीसशे. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली! खोलीत वरच्या आळीची चारपाच माणसं बसली होती. त्यांच्यादेखत मी खालच्या आळीची पट्टी उपसून काढली आणि म्हणाले, "ही स्लो आहे. तुमच्या पट्टीला मागे ओढते." ती कुणी आणली होती हे त्या क्षणी माझ्या ध्यानात नव्हतं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. चांगलं ध्यानात होतं. बाबांपेक्षा मला जास्त कळतं हे कुणीतरी बघावं असं वाटत होतं.

माझं वाक्य गावभर झालं. नाक्यावर वरच्या आळीची माणसं आमच्या माणसांना चिडवू लागली, जत्रेत पालखी तरी वेळेवर पोचवा म्हणून. आणि इकडे कॉम्प्युटर अडखळायला लागला. मुलांचे धडे अर्ध्यावर थांबू लागले. मी शोधाशोध केली तेव्हा कळलं ते असं: वेगातला फरक आमच्या कामात जाणवण्यासारखा नव्हताच. दोन्ही पट्ट्या मिळून आठ जीबी होते, त्यात मशीन सुखात होतं. मी निम्मी मेमरी काढून घेतली आणि ते गुदमरलं. बाबांची पट्टी कुणाला मागे ओढत नव्हती, निम्मा भार उचलत होती. कुणाला न सांगता ती परत बसवून टाकायची असं मी ठरवलं, पण त्याआधीच सभा बसली.

आमची पट्टी काढली हा आमचा अपमान, असं खालच्या आळीचं म्हणणं. हलकी वस्तू देवळात द्यायचीच कशाला, असं वरच्या आळीचं. आमच्या सभेत बायका दाराशी बसतात आणि सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र एका पंचाने मला उभं केलं.

"तुलाच त्यातलं कलतं, बाय. सांग, पट्टी खराब हाय का?"

उत्तर मला ठाऊक होतं. पट्टी चांगली आहे, काढली ती माझी चूक, आणि वेग मीच सांगितला नव्हता. पण सगळं गाव माना वळवून माझ्याकडे बघत होतं, आणि अलिबागला कॉम्प्युटर शिकणारी म्हणून बघत होतं. "खराब नाही," मी म्हणाले, "पण स्लो आहे." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी खाली बसले.

बाबा उठले. टोपी काढून त्यांनी हात जोडले, आधी वरच्या आळीकडे, मग आपल्या आळीकडे.

"माज्या हातनं हलकी वस्तू आली. गावानं पदरात घ्यावं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी उठले नाही. शेजारी बसलेल्या आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मानासाठी का होईना, खालच्या आळीची पट्टी परत बसवावी असं सभेत ठरलं. मी बसवली. कॉम्प्युटर पुन्हा नीट चालू लागला, तर वरच्या आळीवाले म्हणाले, आमची पट्टी दमदार, ती दुसरीलाही ओढून नेते. मी त्यावरही गप्प राहिले. पुढे जत्रेसाठी नव्या पराती घ्यायच्या होत्या, तेव्हा आळीने दुसऱ्याच माणसाला पाठवलं. त्या दिवशी बाबा उगाचच टेम्पो धूत बसले.

मग एकदा ते कुणाला न सांगता लाँचने मुंबईला जाऊन आले आणि माझ्या हातात एक नवी पट्टी दिली. बत्तीसशे लिवलंय ते दुकानदाराकडनं दोनदा वाचून घेतलं, म्हणाले. ही तरी बरोबर हाय ना, असं विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्याने राहवलं नाही. जुनीही बरोबरच होती, वेग मीच सांगितला नव्हता, ती काढल्यावर कॉम्प्युटर बिघडला होता आणि सभेच्या आधीच मला हे कळलं होतं, असं सगळं मी भडाभडा सांगून टाकलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग सभेत का न्हाय बोललीस?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.